खिशातली कॅसेट

१९८२च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या 'पॉवर स्टेशन' स्टुडिओत एक उफराटा उद्योग चालला होता. खोली उत्तम, यंत्रं महागडी, वाजवणारे 'ई स्ट्रीट बँड'मधले कसलेले वादक. एवढा सगळा सरंजाम धडपडत होता तो एका साध्या कॅसेटची बरोबरी करण्यासाठी. या बँडचा म्होरक्या, रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याने ती कॅसेट हिवाळ्यात घरी बसून, एकट्याने गाऊन-वाजवून भरली होती. तिला धड डबीही नव्हती; कित्येक आठवडे ती त्याच्या पँटच्या खिशात फिरत होती. तिच्यातली गाणी बँडला ऐकवायची, बँडने ती बसवायची आणि मग खरं रेकॉर्डिंग करायचं, असा साधासुधा बेत होता. तो फसला. बँड वाईट वाजवत होता असं मुळीच नाही. पण वाजवून झाल्यावर पुन्हा कॅसेट लावली की तीच सरस वाटायची.

अखेर त्या कॅसेटवरूनच तबकडी निघाली. कोलंबिया रेकॉर्ड्सने ३० सप्टेंबर १९८२ रोजी बाजारात आणलेल्या या अल्बमचं नाव 'नेब्रास्का'. दहा गाणी, सुमारे ४१ मिनिटं. ड्रम नाहीत, बँड नाही. एक माणूस, त्याची गिटार, माउथ ऑर्गन, मधूनच थोडं मॅन्डोलिन. घरी रेकॉर्ड झालेला हा काही पहिला रॉक अल्बम नव्हे. पॉल मॅकार्टनीने लंडनच्या घरी चार ट्रॅकचं यंत्र आणून १९७०चा आपला पहिला एकल अल्बम बराचसा तसाच केला होता. पण मॅकार्टनी अल्बमच करायला बसला होता आणि स्प्रिंगस्टीन बसला होता खर्डा करायला. खर्डाच छापला गेला. गेल्या चार दशकांत त्याची जी पारायणं झाली, त्यांत ऐकणाऱ्यांना दर वेळी निराळंच काही सापडत गेलं.

यंत्र घरी आणण्यामागचं कारण अगदी व्यवहारी होतं. स्टुडिओत वेळ घालवण्यात स्प्रिंगस्टीनचा हात धरणारं कुणी नव्हतं. 'बॉर्न टू रन' हे एकच गाणं हातावेगळं करायला १९७४ साली त्याला सहा महिने लागले. 'द रिव्हर' या दोन तबकड्यांच्या अल्बमचं काम १९७९च्या वसंतात सुरू झालं आणि तो दुकानांत आला ऑक्टोबर १९८०मध्ये. गाणं पुरतं लिहून न होताच हा गडी स्टुडिओत शिरायचा, तिथे ओळी बदलायचा, चाल फिरवायचा आणि डझनावारी गाणी रेकॉर्ड करून बाजूला टाकायचा. भाड्याच्या स्टुडिओत मीटर चालू ठेवून विचार करत बसणं ही चैनच. 'द रिव्हर' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, त्यातलं 'हंग्री हार्ट' पाचव्या क्रमांकापर्यंत पोचलं आणि वर्षभराचा दौरा सप्टेंबर १९८१मध्ये सिनसिनाटीला संपला. घरी परतल्यावर त्याने माइक बॅटलनला, म्हणजे गिटारींची देखभाल करणाऱ्या आपल्या माणसाला, एवढंच सांगितलं की गाणी स्टुडिओत नेण्याआधी घरीच ऐकून बघता येतील असं एखादं छोटं यंत्र शोध.

बॅटलनने आणलं ते जपानच्या टीॲक कंपनीचं 'पोर्टास्टुडिओ १४४'. १९७९मध्ये बाजारात आलेलं, किंमत हजार डॉलरच्या थोडी पुढे. त्यामागची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. नेहमीच्या कॅसेटच्या फितीवर चार समांतर पट्टे असतात, दोन 'ए' बाजूचे आणि दोन 'बी' बाजूचे. कॅसेट उलटी घातली की उरलेले दोन वाजतात. टीॲकच्या मंडळींनी चारही पट्टे एकाच दिशेने वापरले आणि फीत दुप्पट वेगाने फिरवली. त्यामुळे आवाज सुधारला, पण साठ मिनिटांची कॅसेट पंधरा मिनिटांत संपू लागली. शिवाय एका वेळी दोनच ट्रॅक भरता येत. म्हणजे एका माइकवर गळा, दुसऱ्यावर गिटार. उरलेल्या दोन ट्रॅकवर मागाहून दुसरा आवाज, खंजिरी, जे काय घालायचं ते. त्यापलीकडे सजावटीला जागाच नाही. गीतकारांना चाली टिपून ठेवायला बरं, अशीच या यंत्राची ख्याती होती. त्यावरून कुणी तबकडी काढील, असं ते बनवणाऱ्यांनाही वाटलं नसणार.

न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथल्या भाड्याच्या घरात, नारिंगी गालिच्याच्या बेडरूममध्ये हा संसार मांडला गेला. 'शुअर' कंपनीचे 'एसएम ५७' जातीचे दोन माइक, जे आपल्याकडच्या कुठल्याही ऑर्केस्ट्रावाल्याच्या पेटीत सापडतील. गिब्सनची मोठ्या पोटाची 'जे-२००' गिटार. आवाजाला घुमारा द्यायला 'एकोप्लेक्स' नावाचं टेपयंत्र. डिसेंबर १९८१च्या उत्तरार्धात काम सुरू झालं आणि बहुतेक गाणी ३ जानेवारी १९८२ला एका बैठकीत झाली, असं आजवर सांगितलं जातं. बटणं दाबायला बॅटलन होता. रेकॉर्डिंगच्या शास्त्रातलं दोघांनाही बेताचंच कळत होतं.

शेवटी चार ट्रॅक मिसळून दुसऱ्या कॅसेटवर उतरवायचे तर आणखी एक यंत्र हवं. घरात होता तो पॅनासोनिकचा टू-इन-वन. हा टू-इन-वन पूर्वी होडीतून फिरताना पाण्यात पडलेला, गेला म्हणून सोडून दिलेला आणि काही दिवसांनी आपोआप पुन्हा बोलू लागलेला. 'नेब्रास्का'ची मूळ प्रत, धंद्याच्या भाषेत मास्टर, या पुनर्जन्म झालेल्या डब्यात तयार झाली. त्याच काळात कोकणातल्या नि मुंबईतल्या कितीतरी घरांत आखातातून आलेला पॅनासोनिक भरतकामाच्या रुमालाखाली विराजमान होता आणि त्यावर बारशी-मुंजींचे आवाज टिपले जात होते. कोलंबियासारख्या बलाढ्य कंपनीची तबकडी त्याच कुळातल्या यंत्रातून निघाली, ही बाब रेकॉर्डिंगच्या धंद्याला अजून पुरती पचलेली नाही.

टेपची प्रत स्प्रिंगस्टीनने त्याचा मॅनेजर आणि सहनिर्माता जॉन लँडाउ याला पाठवली. सोबत वहीच्या कागदांवर हाताने लिहिलेलं टिपण होतं: कुठलं गाणं कशावरचं, काय जमलंय, काय अजून कच्चं आहे. पंधराएक गाण्यांमध्ये व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकाचं एक गाणं होतं. त्याचं शीर्षक दिग्दर्शक पॉल श्रेडरने पाठवलेल्या एका पटकथेवरून उचललेलं होतं, 'बॉर्न इन द यू.एस.ए.'. लँडाउ मूळचा समीक्षक. गाणी त्याला भावली आणि त्याच वेळी मित्राची काळजीही वाटली, असं त्याने पुढे सांगितलं आहे.

काळजी वाटावी अशीच ती गाणी होती. शीर्षकगीतात एक खुनी बोलतो. टेरेन्स मॅलिकचा 'बॅडलँड्स' (१९७३) हा चित्रपट स्प्रिंगस्टीनने पाहिला आणि त्यामागची खरी हकिकत त्याच्या डोक्यात बसली. नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरातला चार्ल्स स्टार्कवेदर, वय १९, आणि त्याची चौदा वर्षांची मैत्रीण कॅरिल ॲन फ्यूगेट. डिसेंबर १९५७ ते जानेवारी १९५८ या काळात स्टार्कवेदरने अकरा जणांचे बळी घेतले, त्यांतले दहा अखेरच्या आठवड्याभरात. जून १९५९मध्ये त्याला विजेच्या खुर्चीत बसवण्यात आलं. या प्रकरणावर पुस्तक लिहिणाऱ्या ओमाहाच्या वार्ताहर निनेट बीव्हर यांना स्प्रिंगस्टीनने थेट फोन लावला होता. गाण्यात मात्र ना आरडाओरडा, ना पश्चात्ताप, ना 'बघा समाज कसा घडवतो गुन्हेगार' छापाचं कीर्तन. पंचनाम्यात जबाब द्यावा तशा सपाट आवाजात माणूस आपली कथा सांगतो आणि तिथेच ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

उरलेल्या गाण्यांचं गाव नेब्रास्का नव्हेच. ती न्यू जर्सीची आहेत, आणि बरीचशी फ्रीहोल्डची. कोल्ट्स नेकपासून मोटारीने थोड्याच अंतरावरचं हे गाव स्प्रिंगस्टीनच्या बालपणाचं गाव. गालिच्यांची मोठी गिरणी एके काळी गावाला पोसत होती. ती बंद पडल्यावर गाव ओसरत गेलं. त्याचे वडील डग्लस यांनी गिरणीत काम केलं, फोर्डच्या कारखान्यात केलं, बस चालवली, तुरुंगात पहारा दिला. कुठेच फार काळ टिकले नाहीत. ब्रूसची पहिली काही वर्षं आजी-आजोबांच्या मोडकळीला आलेल्या घरात गेली. तिथे भिंतीवर आत्याचा फोटो होता. व्हर्जिनिया, पाच वर्षांची असताना १९२७मध्ये तीनचाकी सायकल चालवताना ट्रकखाली गेलेली. त्या दुःखातून आजी कधी बाहेर आली नाही. घरही आलं नाही. 'मॅन्शन ऑन द हिल', 'यूज्ड कार्स' ही गाणी पोराच्या नजरेतून, मोठ्यांची मानहानी मुकाट्याने बघणाऱ्याच्या तोंडून येतात. बाप जुनी मोटार विकत घ्यायला जातो आणि विक्रेता बापाच्या हातांकडे बघत बोलतो, एवढंच 'यूज्ड कार्स'मध्ये घडतं. त्या काळात रॉकमध्ये मोटारीवर शेकड्याने गाणी होती, खुद्द स्प्रिंगस्टीनचीच ढीगभर होती, पण मोटारीच्या दुकानात लाज वाटण्यावर कुणी लिहीत नव्हतं.

वर्तमानपत्रंही या कॅसेटमध्ये शिरली होती. १५ मार्च १९८१ला फिलाडेल्फियाच्या माफियाचा म्होरक्या फिलिप टेस्टा याला त्याच्या घराच्या दारातच बॉम्बने उडवण्यात आलं. 'अटलांटिक सिटी' हे गाणं त्या बातमीने सुरू होतं. त्या समुद्रकाठच्या शहरात १९७६मध्ये जनमत घेऊन जुगाराला परवानगी मिळाली होती, १९७८पासून कॅसिनो चालू झाले होते आणि भरभराटीच्या आशेने सगळ्या प्रकारची माणसं तिकडे लोटत होती. 'जॉनी ९९'मधला कामगार ज्या माहवा गावच्या मोटार कारखान्यातून रस्त्यावर येतो, तो फोर्डचा कारखाना जून १९८०मध्ये खरोखर बंद झाला होता. कर्ज आणि बेकारीने पिचलेला हा माणूस दारूच्या नशेत एकावर गोळी झाडतो आणि न्यायाधीश त्याला ९८ वर्षं अधिक एक वर्ष अशी शिक्षा सुनावतो. 'स्टेट ट्रूपर'चा धागा मात्र न्यूयॉर्कच्या एका खोलीत सापडतो. 'सुइसाइड' नावाचा दोघा जणांचा वाद्यवृंद, ॲलन व्हेगाचा गळा आणि मार्टिन रेव्हची यंत्रं. त्यांचं 'फ्रँकी टिअरड्रॉप' हे दहा मिनिटांचं भयंकर गाणं स्प्रिंगस्टीनला पछाडून होतं. 'स्टेट ट्रूपर'च्या शेवटी तो मध्येच किंचाळतो. हेडफोन लावून पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा जीव दचकतो. ते किंचाळणं व्हेगाकडून आलेलं.

आता पुन्हा पॉवर स्टेशनकडे. बँडबरोबरच्या त्या बैठका वाया गेल्या म्हणणं अन्यायाचं होईल. त्यातच 'बॉर्न इन द यू.एस.ए.'चं गर्जणारं रूप सापडलं, दोन वर्षांनी येणाऱ्या अल्बमचा मोठा भाग तिथेच आकाराला आला. फक्त कॅसेटवरची मुख्य गाणी हाताला लागेनात. मग स्प्रिंगस्टीनने एकट्याने स्टुडिओत बसून ती पुन्हा गाऊन पाहिली. स्वच्छ आवाज, उत्तम माइक, आणि गाण्यातला माणूस गायब. तेव्हा त्याने खिशातून ती कॅसेट काढली आणि इंजिनियर टोबी स्कॉटला विचारलं, हिच्यावरूनच तबकडी काढता येईल का?

इथे घोडं अडलं. तबकडी काढायची तर आधी लेथवर लाखेच्या चकतीवर खाच कोरावी लागते. ध्वनीच्या चढउतारांप्रमाणे कोरणीची सुई हलते. आवाज अंगाबाहेर गेला किंवा दोन बाजूंचे ध्वनी एकमेकांच्या उलट हलले, की खाच बिघडते आणि घरच्या प्लेअरची सुई उडी मारते. टू-इन-वनमधून आलेल्या कॅसेटवर असे सगळे दोष हात जोडून उभे होते. एकामागून एक नावाजलेल्या माणसांनी प्रयत्न केले आणि हात टेकले. नुसती कॅसेटच प्रकाशित करावी का, इथवर चर्चा गेली. स्प्रिंगस्टीनचा सहकारी निर्माता चक प्लॉटकिन याने यात जिवाचं रान केलं. शेवटी न्यूयॉर्कच्या अटलांटिक स्टुडिओतल्या डेनिस किंगने आवाजाची पातळी पुष्कळ खाली ठेवून ती खाच कोरून दाखवली. म्हणून 'नेब्रास्का'ची तबकडी इतर तबकड्यांपेक्षा हळू बोलते. लोक याला कलात्मक संयम म्हणतात. त्यात निम्मा वाटा सुईच्या उडीचा आहे हे ध्यानात ठेवलेलं बरं.

मुखपृष्ठावर स्प्रिंगस्टीन नाही. डेव्हिड मायकेल केनेडी या छायाचित्रकाराने १९७५मध्ये गाडीच्या काचेतून टिपलेला ओसाड रस्ता, वर ढगाळ आभाळ, काळी चौकट, लाल अक्षरं.

हा अल्बम कुठल्या बाजारात उतरला ते बघण्यासारखं आहे. 'एमटीव्ही'ला जेमतेम वर्ष झालं होतं. दुसऱ्याच दिवशी, १ ऑक्टोबर १९८२ला, जपानमध्ये सोनीने पहिला सीडी प्लेअर विक्रीला काढला, आणि सोबत बाजारात आलेल्या पहिल्या सीडींमध्ये कोलंबियाच्याच बिली जोएलचा अल्बम होता. नोव्हेंबरच्या अखेरीस मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' आला. ध्वनी चकाचक होण्याच्या ऐन मुहूर्तावर कोलंबियाने हिसहिसणारी कॅसेट बाजारात ठेवली. स्प्रिंगस्टीनने दौरा केला नाही, मुलाखती जवळजवळ दिल्या नाहीत. अमेरिकेत एकही गाणं स्वतंत्र सिंगल म्हणून निघालं नाही. 'अटलांटिक सिटी'चा व्हिडिओ निघाला, तो कृष्णधवल, आणि त्यात गायक कुठेच दिसत नाही.

समीक्षकांना धक्का बसला, पण बहुतेकांना तो सुखद होता. 'रोलिंग स्टोन'मध्ये स्टीव्ह पाँडने पाचपैकी साडेचार तारे दिले. 'व्हिलेज व्हॉइस'च्या वार्षिक समीक्षक-मतदानात १९८२चा हा तिसरा अल्बम ठरला. पुढे होते एल्व्हिस कॉस्टेलोचा 'इम्पीरियल बेडरूम' आणि रिचर्ड-लिंडा थॉम्पसनचा 'शूट आउट द लाइट्स'. त्या वर्षाअखेर अमेरिकेतली बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली होती, दुसऱ्या महायुद्धानंतरची तोवरची सर्वाधिक. साहजिकच 'नेब्रास्का'कडे रेगनच्या अमेरिकेवरचं आरोपपत्र म्हणून पाहिलं गेलं. ग्रील मार्कससारख्या मातब्बर समीक्षकाने त्या राजवटीला संगीतातून मिळालेला हा सगळ्यात परिपूर्ण नकार आहे, अशा आशयाचं मत मांडलं. गंमत म्हणजे स्प्रिंगस्टीनने मागाहून लिहिलंय की लिहिताना त्याच्या मनात कुठलाही राजकीय कार्यक्रम नव्हता. दोघेही खरं बोलत असू शकतात. माहवाचा कारखाना गाण्यात आला की राजकारण आपसूक आत येतं, त्याला वेगळं आमंत्रण लागत नाही.

रसिकांमध्ये अजून एक दंतकथा फिरते: कंपनी हादरली, अल्बम आपटला आणि कालांतराने त्याला न्याय मिळाला. वाचायला छान, पण आकडे साथ देत नाहीत. 'नेब्रास्का' अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला आणि अमेरिकेत त्याला पुढे दहा लाख प्रतींचं प्लॅटिनम मिळालं. आपटलेल्या अल्बमचं हे लक्षण नव्हे. 'द रिव्हर'ने कमावलेलं नाव पाठीशी होतं म्हणूनच कंपनीने ही टेप तबकडी म्हणून स्वीकारली. तीच टेप एखाद्या नवख्या पोराने कोलंबियाच्या दारात नेली असती, तर 'छान आहे, आता स्टुडिओत येऊन नीट कर' असंच उत्तर मिळालं असतं. स्प्रिंगस्टीनचं धैर्य खरं, पण ते खात्यात शिल्लक असलेल्या माणसाचं धैर्य होतं. त्याने ती शिल्लक या कामी खर्च केली, श्रेय द्यायचं तर याचं द्यावं.

४ जून १९८४ला 'बॉर्न इन द यू.एस.ए.' आला आणि जगभर गाजला. सात गाणी पहिल्या दहांत गेली. सप्टेंबरमध्ये, निवडणुकीच्या धामधुमीत, अध्यक्ष रेगन न्यू जर्सीच्या हॅमंटन गावी भाषणाला आले आणि स्थानिक सुपुत्र स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेच्या संदेशाचा त्यांनी गौरव केला. दोन-तीन दिवसांतच पिट्सबर्गच्या मैफलीत स्प्रिंगस्टीनने मंचावरून विचारलं की अध्यक्षांचा आवडता अल्बम कोणता असेल बरं. 'नेब्रास्का' काही नसणार. आणि 'जॉनी ९९' सुरू केलं. पोलाद गिरण्या बंद पडत चाललेल्या त्या शहरात ते समजावून सांगायची गरज नव्हती. 'नेब्रास्का'ची राजकीय प्रतिमा खऱ्या अर्थाने पक्की झाली ती या संध्याकाळी, प्रकाशनानंतर दोन वर्षांनी.

भारतात स्प्रिंगस्टीन आला तेव्हा ३० सप्टेंबर १९८८ ही तारीख होती, 'नेब्रास्का'ला बरोबर सहा वर्षं झाली होती. 'ॲम्नेस्टी इंटरनॅशनल'च्या मानवी हक्क दौऱ्यात स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन आणि युसू एन्डूर यांच्यासोबत दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर. पण दिल्लीकर पोरं ज्याला बघायला जमली होती तो मुठी आवळून गाणारा, जगप्रसिद्ध स्प्रिंगस्टीन. बेडरूमवाल्याची इथे फारशी कुणाला ओळख नव्हती.

गाणाऱ्यांच्या बिरादरीने मात्र या अल्बममधून भलताच धडा घेतला. सगळ्यात आधी वडीलधाऱ्या जॉनी कॅशने दाद दिली. १९८३मध्ये त्याने 'जॉनी ९९' याच नावाचा अल्बम काढला, त्यात 'नेब्रास्का'मधली दोन गाणी घेतली. कॅशचा तेव्हा पडता काळ. तबकडी चालली नाही. पण लोकसंगीताच्या मुळांना जाऊन भिडलेल्या गाण्यांवर त्याच परंपरेतल्या बुजुर्गाने मोहोर उमटवली. शॉन पेनने 'हायवे पेट्रोलमन'मधल्या दोन भावांची, एक पोलीस आणि एक वाया गेलेला, कथा घेऊन १९९१मध्ये 'द इंडियन रनर' हा आपला पहिला चित्रपट केला. २०००मध्ये 'सब पॉप' कंपनीने वेगवेगळ्या कलावंतांकडून अख्खा अल्बम नव्याने गाऊन घेतला.

त्याहून मोठी गोष्ट चुपचाप घडत होती. एलियट स्मिथने १९९४चा 'रोमन कँडल' घरी चार ट्रॅकवर केला, 'आयर्न अँड वाइन'चा पहिला अल्बम २००२मध्ये तसाच आला. 'माउंटन गोट्स'च्या जॉन डार्नीलने तर कित्येक वर्षं साध्या टू-इन-वनमध्ये गाणी भरली, तोही पॅनासोनिकचाच. या सगळ्यांना थेट 'नेब्रास्का'ची लेकरं म्हणणं घाईचं ठरेल. गरिबी आणि हौस या दोन गोष्टी कुठल्याही अल्बमपेक्षा जुन्या आहेत. पण कॅसेटची हिस्स ऐकून 'हा आवाज विकण्याजोगा नाही' असं तोंड वर करून म्हणणं १९८२नंतर कठीण झालं, इतकं नक्की.

मग पुन्हा एकदा या गाण्यांचा अर्थ फिरला. स्प्रिंगस्टीनने २०१६च्या आत्मचरित्रात लिहिलं की 'नेब्रास्का' झाल्यावर तो एका मित्राबरोबर मोटारीने देश ओलांडून कॅलिफोर्नियाला निघाला आणि वाटेत टेक्ससमधल्या एका लहान गावात जत्रेतली माणसं बघता बघता आतून कोसळला. त्यानंतर मानसोपचार सुरू झाले ते पुढे अनेक वर्षं चालले. रात्री गाडी काढून फ्रीहोल्डच्या जुन्या घरांवरून चकरा मारायची सवय, भिंतीवरची ती आत्या, न बोलणारे वडील: हे सगळं कळल्यावर लोकांना 'माय फादर्स हाउस' निराळं ऐकू येऊ लागलं. वॉरन झेन्स या संगीतकार-लेखकाने २०२३मध्ये या अल्बमच्या जन्मावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच सुमारास, आपल्या सगळ्या अल्बमांतला एकच निवडायचा तर 'नेब्रास्का', असं स्प्रिंगस्टीनने सांगितलं. पुस्तकावरून स्कॉट कूपरने केलेला, जेरेमी ॲलन व्हाइटची भूमिका असलेला चित्रपट ऑक्टोबर २०२५मध्ये आला. तिकीटबारीवर त्याने गर्दी खेचली नाही. साहजिकच आहे, नारिंगी गालिच्यावर बसून बटणं दाबणारा माणूस दोन तास बघत राहणं हे सगळ्यांचं काम नव्हे.

चित्रपटाबरोबर एक जुनं कोडंही सुटलं. पॉवर स्टेशनमध्ये बँडने वाजवलेली ती गाणी खरोखर टेपवर आहेत का, यावर चाहते चाळीस वर्षं भांडत आले होते. ड्रमर मॅक्स वाइनबर्ग आहेत म्हणत होता. २०२५च्या उन्हाळ्यात खुद्द स्प्रिंगस्टीनने मुलाखतीत सांगितलं की असं काही नाही, आणि मग तिजोरी धुंडाळल्यावर कबूल केलं की आहे. 'नेब्रास्का ८२' या संचात ती गाणी ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाली. 'जॉनी ९९' रॉकच्या अंगानेही शोभतं. पण शीर्षकगीताला बँडची सोबत मिळाली की त्या खुन्याचा एकटेपणा कमी होतो, आणि १९८२मध्ये कान कुणाचे बरोबर होते ते लगेच कळतं.

संचातला सगळ्यात मोठा ऐवज मात्र 'नेब्रास्का'मध्ये नसलेलंच गाणं आहे. 'बॉर्न इन द यू.एस.ए.'ची कोल्ट्स नेकची एकट्याची आवृत्ती १९९८मध्येच 'ट्रॅक्स' या संचात आली होती, कुढत म्हटलेली, जवळजवळ पुटपुटलेली. आता गिटार, बास आणि ड्रम अशा तिघांनीच वाजवलेली मधली पायरी ऐकायला मिळाली: रागीट, खडबडीत, आणि बँडचा कीबोर्डवादक रॉय बिटन याच्या सिंथेसायझरची ती प्रसिद्ध ललकारी नसलेली. शब्द तेच. यांतली कुठलीही एक आवृत्ती १९८४मध्ये रेडिओवर वाजत असती, तर हॅमंटनचं भाषण लिहिणाऱ्याने आशेचा संदेश शोधायला बहुधा दुसरा गायक गाठला असता.